माळरानाचा क्षेत्र अभ्यास कसा करावा?

एखाद्या ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन पाहणे, मोजणे आणि नोंदी ठेवणे म्हणजे क्षेत्र अभ्यास. जमिनीवरील परिसंस्था म्हटले की आपल्याला जंगल आठवते. पण बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील मूळ परिसंस्था म्हणजे गवताळ माळरान.

माळरान का तयार झाले?
हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. येथे वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. नीरा नदी आणि कालव्यालगत ऊस दिसतो. निरवांगीसारख्या गावांपासून उंचवट्याकडे गेले की उथळ, मुरमाड जमीन लागते. तिथे दाट झाडी वाढत नाही. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते आणि मधूनमधून बोर, हिवर, बाभूळ दिसते.

काय मोजावे?
१. गवत: एक मीटर लांब व एक मीटर रुंद चौकट दहा ठिकाणी ठेवा. प्रत्येक चौकटीतील वनस्पतींचे प्रकार आणि उघड्या जमिनीचे प्रमाण लिहा.
२. प्राणी: ठरावीक अंतर चालत ठसे, बिळे आणि विष्ठा नोंदवा. चिंकारा एकाच जागी वारंवार लेंड्या टाकतो. लांडग्याच्या विष्ठेत केस व हाडांचे तुकडे आढळतात.
३. पक्षी: सकाळी लवकर जा. चंडोल, माळटिटवी आणि धाविक जमिनीवरच अंडी घालतात, म्हणून पाऊल जपून टाका. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या पक्षी नाकतोडे टिपताना दिसतात.
४. माणसे: धनगर मेंढपाळांशी बोला. कोणते गवत केव्हा चरायला मिळते, हे त्यांना ठाऊक असते.

हीच पाहणी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, त्याच जागी करा. मे महिन्यात उजाड वाटलेली चौकट सप्टेंबरमध्ये गवताने भरलेली दिसते. एकाच भेटीवरून निष्कर्ष काढला तर तो चुकतो.

हा अभ्यास महत्त्वाचा का?
सरकारी नोंदींत अशा जमिनी बऱ्याचदा 'पडीक' ठरतात. मग तिथे चर खणून झाडे लावली जातात. सावलीत उन्हाची गवते मागे पडतात. गवत गेले की मेंढ्यांचा चारा जातो, आणि दूरवर नजर ठेवून जगणाऱ्या चिंकाऱ्याची मोकळी जागाही जाते. गावाजवळच्या माळाची दोन-तीन वर्षांची नोंदवही असेल, तर ही जमीन रिकामी नाही हे ग्रामसभेत पुराव्यासह सांगता येते.

कुठे जावे?
बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी राखलेले आहे. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचे माळरानही प्रसिद्ध आहे. वनक्षेत्रात जाण्यापूर्वी वन विभागाची परवानगी घ्या, वाहन गवतात घालू नका आणि लांडग्याची गुहा दिसल्यास लांबूनच परत फिरा.