वारंवारतेतील तफावत : दोष आणि साक्ष
(खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या संदर्भात)

प्रस्तावना :
आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. भोर तालुक्यातील भोंगवलीसारख्या गावी ते ऐकणारा श्रोता रेडिओचे बटण किंचित पुढेमागे करून आवाज स्वच्छ करी. प्रेषक व ग्राहक यांच्या वारंवारतेतील तफावत तो कानाने दूर करीत असे. सॉफ्टवेअर-आधारित रेडिओत हेच कार्य गणिताने होते. प्रस्तुत लेखात या तफावतीच्या इतिहासातील पुणे जिल्ह्यातीलच एका प्रसंगाचा विचार केला आहे.

तफावतीची कारणे :
तफावतीची प्रमुख कारणे दोन. पहिले, दोन यंत्रांतील स्फटिक कधीही तंतोतंत सारखे कंप पावत नाहीत. तापमान व वय यांनुसार ते ढळतात. दुसरे कारण गतीचे असून ते ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडले. स्फटिक दहा लाखांत एक भाग चुकला, तर ४०१ मेगाहर्ट्झला ४०१ हर्ट्झची तफावत पडते. प्रेषक सेकंदाला ३०० मीटर वेगाने दूर जात असला, तरी जवळजवळ तेवढीच पडते. केवळ आकड्यावरून या दोहोंत भेद करता येत नाही.

खोडदचा अनुभव :
डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली जुन्नर तालुक्यातील खोडद परिसरात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या राहिल्या. त्या सर्वांना मध्यवर्ती इमारतीतून प्रकाशतंतूद्वारे एकच संदर्भ-वारंवारता पुरविली जाते. त्यामुळे आपसांतील तफावत मुळातच टळते. २०१० च्या सुमारास येथे संदेशांचे संस्करण बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या समूहावर सॉफ्टवेअरने होऊ लागले.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे ‘स्कियापारेल्ली’ यान मंगळाच्या वातावरणात ताशी सुमारे २१,००० किलोमीटर वेगाने शिरले. सुमारे ४०१ मेगाहर्ट्झचा त्याचा क्षीण संदेश पावणेदहा मिनिटांचा प्रवास करून खोडदला पोहोचला. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या सहकार्याने तो टिपण्यात आला. यानावरील दोलकाची स्वतःची चूक येथेही होतीच; परंतु ती सावकाश बदलते. वातावरणाच्या रोधाने व हवाई छत्रीच्या झटक्याने पडणारा फरक मात्र काही सेकंदांतला असतो. म्हणून तफावतीच्या आकड्यापेक्षा तिच्या बदलाची चाल बोलकी ठरली. छत्री उघडल्याची खूण तीत उमटली. त्यानंतर, अपेक्षित अवतरणाच्या थोडे आधी, संदेश थांबला. गतिमापकाच्या चुकीच्या नोंदीमुळे यानाच्या संगणकाने आपण जमिनीखाली असल्याचे मानले, छत्री अकाली सोडली आणि यान कोसळले, असे २०१७ च्या चौकशी अहवालात स्पष्ट झाले.

समारोप :
अभियांत्रिकीच्या अध्यापनात ही तफावत सामान्यतः केवळ दोष म्हणून शिकविली जाते व ती शून्यावर आणणे हेच साध्य मानले जाते. खोडदच्या प्रसंगावरून वेगळा बोध होतो. आपल्या घड्याळाची चूक आधी कसोशीने वेगळी काढली, तर उरलेली तफावत दूरच्या वस्तूची गती सांगते. सारीच तफावत पुसून टाकणाऱ्या ग्राहकाला संदेश ऐकू आला असता. यानावर काय ओढवत आहे, हे कळले नसते. म्हणून दुरुस्त केलेल्या संदेशाबरोबर दुरुस्तीची नोंदही जपली पाहिजे.