तोल आणि ताळेबंद

बॅलन्स या शब्दाशी माझा संबंध वीस वर्षांचा. सकाळी खातेदार खिडकीशी येऊन "बॅलन्स किती?" असं विचारतो आणि संध्याकाळी मॅनेजरसाहेब केबिनमधून "बॅलन्स जमला का?" असं विचारतात. या दोन प्रश्नांच्या मधे जे काही घडतं त्याला आम्ही नोकरी म्हणतो. त्यामुळे कन्येने एके रात्री फोनवर "बाबा, मला बॅलन्सिंग बीमसाठी निवडलं!" असं ओरडून सांगितलं, तेव्हा तिला कुठल्याशा पतपेढीत चिकटवून घेतलं की काय, असंच मला क्षणभर वाटलं. ती तेरा वर्षांची आहे, हे नंतर लक्षात आलं.

मी नोकरीला पाटोद्यात आणि कुटुंब छत्रपती संभाजीनगरात, अशी आमच्या संसाराची विभागणी आहे. तिकडे सौ. शाळेत शिकवते आणि कन्या जिम्नॅस्टिक्स शिकते. शनिवारी जाऊन सोमवारी परतणारा मी दोघींच्याही हिशेबात 'येणे बाकी' या सदरात मोडतो.

दिवाळीच्या सुटीत कन्या पाटोद्याला आली ती एक कागद घेऊनच. कागदावर चार अटी होत्या. मी बी.कॉम. माणूस, अट, कागद आणि पूर्तता या तीन शब्दांवर आमची चूल पेटते. चष्मा पुसून मी वाचायला बसलो.

बीम म्हणजे पाच मीटर लांब, सव्वा मीटर उंच आणि फक्त दहा सेंटीमीटर रुंद अशी एक पट्टी. दहा सेंटीमीटर म्हणजे चार इंचाला नखभर कमीच. तिच्यावर मुलीने दीड मिनिटाच्या आत आपलं सगळं कसब दाखवायचं. अटी अशा. पहिली : नाचातल्या दोन निरनिराळ्या हालचाली न थांबता जोडून दाखवायच्या, त्यांतली एक उडी अशी हवी की हवेत दोन्ही पाय १८० अंशांत, म्हणजे ओळंबा आडवा धरावा तसे सरळ फाकले पाहिजेत. दुसरी : एका पायावर पूर्ण गिरकी. तिसरी : हवेतून जाणाऱ्या दोन कोलांट्या लागोपाठ, त्यांतली एक तरी हात न टेकता. चौथी : कोलांट्या एकाच दिशेच्या नकोत, मागच्याही हव्यात आणि पुढच्या किंवा बाजूच्याही हव्यात. प्रत्येक अटीला अर्धा गुण. चारही कागद जोडले की दोन गुण. शिवाय सर्वांत अवघड अशा आठ करामतींचे गुण वेगळे. आणि दुसरीकडे परीक्षकांची आणखी एक फळी दहापासून सुरुवात करून चुकीगणिक वजावट करत बसलेली. पाय हलला, वजा एक दशांश. चांगलाच झोक गेला, वजा तीन. खाली पडली, वजा पूर्ण एक.

"अगं, हे तर आमचं कर्जप्रकरण!" मी म्हणालो.

"कर्जप्रकरणात हात न टेकता कोलांटी मारावी लागते?" कन्येने विचारलं.

ज्याने एकदा तरी कर्ज काढलं आहे, त्याला या प्रश्नाचं उत्तर माहीत आहे.

आता सराव करायचा तर बीम पाहिजे. मी सुतारमामांकडे गेलो.

"तुळई पाहिजे. पाच मीटर लांब, दहा सेंटीमीटर रुंद."

"साडेसोळा फूट धरा. खोली किती बाय कितीची?"

"खोली नाही."

"मंग तुळई टेकायची कशावर?"

"दोन ओंडक्यांवर, वीतभर उंच. मुलीला तिच्यावरून चालायचंय."

सुतारमामांनी पेन्सिल परत कानावर ठेवली आणि मोठ्या सहानुभूतीने माझ्याकडे पाहिलं. "सायेब, खाली एवढी मोकळी जमीन असताना?"

प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर शोधायला मला जर्मनीपर्यंत जावं लागलं, अर्थात पुस्तकांतून. (बँकेचा प्रवासभत्ता बीडच्या पुढे जात नाही.)

जर्मनीत गुट्समुट्स नावाच्या एका मास्तरांनी १७९३ साली तरुणांच्या व्यायामावर पुस्तक लिहिलं. त्यात लाकडावरून तोल सावरत चालण्याचा व्यायाम आहे. पुढे १८०६ साली नेपोलियनने प्रशियाचा सपाटून पराभव केला. तो जिव्हारी लागलेल्या फ्रीडरिश यान या शिक्षकाने १८११ मध्ये बर्लिनबाहेर हाजनहायडं इथे उघड्यावर आखाडा काढला. पोरं दणकट झाली पाहिजेत, हा हेतू. तिथे इतर साधनांबरोबर तोल सावरायचं लाकूडही होतं. म्हणजे ही तुळई मुळात मुलग्यांसाठी! पण गंमत बघा, आज पुरुषांच्या जिम्नॅस्टिक्समध्ये सहा साधनं आहेत आणि त्यांत बीम नाही. तो बायकांच्या चार साधनांत आहे. चार इंचांवर तोल सांभाळून, शिवाय हसतमुख राहून, सगळ्या अटी पुऱ्या करण्याचं काम पुरुषांनी केव्हा आणि कसं सोडून दिलं, हे मी सौ.ला विचारलं. ती म्हणाली, "लग्नानंतर."

ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचं जिम्नॅस्टिक्स १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमला आलं, तेही फक्त सांघिक. बीमसाठी स्वतंत्र पदक मिळू लागलं ते १९५२ साली हेलसिंकीला. पहिलं सुवर्ण सोव्हिएत संघाच्या नीना बोचारोवाचं. त्या काळी बीमवर डौलाने चालणं, वळणं, तोल धरून उभं राहणं यांना मोठा मान होता. मग १९७२ साली म्युनिकमध्ये ओल्गा कोर्बुट नावाची सतरा वर्षांची चिमुरडी बीमवर उभी राहिली आणि तिने सरळ मागे कोलांटी मारली. हात न टेकता. जगाचा श्वास अडकला, आणि बीमचं सुवर्ण ती घेऊन गेली.

चारच वर्षांनी, १९७६ साली माँट्रियलला, रुमानियाची चौदा वर्षांची नादिया कोमानेची आली. तिला असमांतर दांड्यांवर पैकीच्या पैकी दहा गुण मिळाले आणि फलकावर आकडा झळकला १.००! दहा दाखवायची सोयच त्या फलकात नव्हती. असं कधी होईल हे कुणाच्या गावीच नव्हतं. नंतर त्याच स्पर्धेत तिने बीमवरही दहा मिळवले. दशांश चिन्ह एक घर सरकलं की काय हाहाकार होतो हे मी जाणतो. आमच्याकडे असं झालं तर चौकशी बसते. तिथे टाळ्या पडल्या.

हा इतिहास वाचताना माझ्या कारकुनी डोक्यात एक गोष्ट हळूहळू शिरली. मला वाटत होतं, आधी समिती बसते, नियम लिहिते आणि मग मुली तसं करतात. बँकेत तसंच असतं. बीमवर उलटं आहे. आधी एखादी पोरगी जिवावर उदार होऊन काहीतरी करून दाखवते आणि मग समिती ते पुस्तकात लिहून त्याची किंमत ठरवते. पूर्वीचं 'पैकीच्या पैकी दहा' हे माप २००६ साली गेलं आणि अवघडपणाचे गुण वेगळे मोजू लागले, त्यामागेही हेच आहे. मुलींच्या उड्या मापात मावेनाशा झाल्या. २०१९ साली सिमोन बाइल्सने बीमवरून खाली उतरताना दोन कोलांट्या आणि दोन गिरक्या एकदम घेतल्या; त्या करामतीला तिचं नावही मिळालं. पण समितीने किंमत मुद्दाम बेताची ठरवली, कारण इतर मुली मोहात पडून मान मोडून घेतील. इथे मात्र मला समितीचा गहिवर आला. कर्ज नाकारतानाही आम्ही हेच म्हणतो : तुमच्याच भल्यासाठी.

असो. तुळई आली आणि घरमालकांच्या अंगणात बसली. उलट्या कोलांट्या पाटोद्यात मारायच्या नाहीत, त्या फक्त हॉलमध्ये, गाद्यांवर आणि समोर, असा कोचबाईंचा सक्त दम होता. इथे फक्त चालणं, गिरकी आणि उड्या. तरीही पहिल्याच दिवशी अंगणात बरीच मंडळी जमली. त्यांत एक म्हातारे वस्तादही होते. पाटोदा हे पैलवानांचं गाव. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवणारे राहुल आवारे इथलेच. त्यामुळे शरीराच्या कोणत्याही हालचालीवर मत देण्याचा हक्क इथे प्रत्येकाला आहे.

वस्तादांनी तुळईकडे पाहिलं, मान तिरकी केली आणि म्हणाले, "आडवा मल्लखांब दिसतोय."

खरंच की! आपल्याकडे हीच विद्या उभी आहे. जमिनीवर साडेआठ फूट उंच खांब, त्याला एरंडेल चोळलेलं, आणि त्यावर माणूस. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं. त्यांची कथा अशी सांगतात की, निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पैलवान पुण्याला आव्हान देत आले. कोणी पुढे होईना. तेव्हा कोवळ्या बाळंभटदादांनी थोडी मुदत मागितली, वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर जाऊन साधना केली आणि परत येऊन गुलाबला चीत केलं. ते पाहून अलीने लंगोट चढवलाच नाही. मी ही गोष्ट वस्तादांना मोठ्या अभिमानाने सांगितली. ते म्हणाले, "पण हा मुलूख अठ्ठेचाळीस सालापर्यंत निजामाचा. म्हंजी आपण हारलो का जिंकलो?" इतिहासाचा ताळा हा असा कधीच जमत नाही.

या उभ्या खांबालाही पुढे अटी चिकटल्याच. १९८१ साली उज्जैनला मल्लखांबाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. स्पर्धा आली की परीक्षक आले, परीक्षक आले की गुण आले, आणि गुण आले की माझ्यासारखा एक माणूस पेन्सिल घेऊन हिशेबाला बसतो.

तसा मी बसलो. डिसेंबरात पुण्याला कन्येची स्पर्धा होती आणि तिच्या गटाला हिशेब याच रीतीने लावणार होते. तीन अटी तिला पाठ होत्या. तिसरी, जोड-कोलांट्यांची, अडत होती. तिने वहीत नोंद ठेवली होती (रक्त शेवटी माझंच) : दहा वेळा केलं तर तीनदा जमतं, सातदा पडते. मी गणित मांडलं. अट सोडून दिली तर अर्धा गुण जातो. अट केली आणि पडली तर एक जातो. पडतानाही पाय आधी बीमला लागला तर करामत धरतात, म्हणजे अर्धा मिळतो. तरी एकूण तोटा अट सोडण्यापेक्षा अर्ध्याने जास्तच. तीन वेळा अर्ध्याचा नफा, सात वेळा अर्ध्याचा तोटा. सरासरीने दोन दशांशाचं नुकसान. "सोडून दे," मी निकाल दिला. "यंदा तीनच कागद जोड." पुरावा म्हणून २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची बीमची अंतिम फेरी दाखवली. बाइल्ससकट एकामागून एक मुली पडल्या आणि न पडलेल्या इटलीच्या आलीचे दामातोला सुवर्ण मिळालं. "बघ, जी पडली नाही ती जिंकली."

कन्या म्हणाली, "पण तिने कोलांट्या सोडल्या नव्हत्या, बाबा."

मी विषय बदलला. कारण त्याच टेबलावर, त्याच पेन्सिलीखाली, आमच्या अधिकारी-पदाच्या परीक्षेचा फॉर्म पडला होता. तो दरवर्षी येतो. गेली चौदा वर्षं मी दरवर्षी असंच गणित मांडतो : पास झालो तर बदली, नापास झालो तर हसं, म्हणजे न बसण्यातच फायदा. हिशेब चौदाही वेळा बरोबर आलेला आहे.

पुण्याच्या हॉलमध्ये मी अगदी मागच्या बाकावर बसलो. कन्या बीमवर चढली. उड्या झाल्या, गिरकी झाली. मग ती टोकाला पाठ करून उभी राहिली आणि तिने हात वर नेले. तिने माझं ऐकलेलं नाही, हे मला त्या हातांवरून कळलं. पहिली कोलांटी झाली. दुसरीत पाय बीमला लागला, क्षणभर टिकला आणि निसटला. ती खाली.

पडल्यावर परत चढायला दहा सेकंद मिळतात. ते दीड मिनिटात धरत नाहीत. दहा सेकंद किती मोठे असतात ते मला त्या दिवशी समजलं. मी मनात मोजत होतो आणि तीन आकड्यानंतर मला पुढचा आठवेना. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, कोचबाईंकडेही नाही. हात पुसले, बीमला हात लावला आणि चढली. उरलेलं सगळं केलं, अगदी हसतमुखाने.

नंबर अकरावा आला. परतीच्या एस.टी.त ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. नगर मागे पडल्यावर म्हणाली, "पाय आधी लागला होता, बाबा. अट झाली. अर्धा मिळाला." मग वही काढून तिने तिसऱ्या अटीसमोर बरोबरची खूण केली. मी इतक्या वर्षांत इतक्या खुणा केल्या, पण इतकी सावकाश केलेली खूण पाहिली नव्हती.

या वर्षी मी फॉर्म भरला आहे. अभ्यास रात्रीचा चालतो. हिशेब अजूनही माझ्या विरुद्धच आहे.

तुळई अजून अंगणात आहे. सकाळी कोणी उठायच्या आत मी तिच्यावरून चालून पाहतो. तोल म्हणजे न हलणं, अशी माझी समजूत होती. ती खोटी आहे. पाय सारखा थोडा इकडे, थोडा तिकडे करत राहावं लागतं. परवा सहा पावलांपर्यंत गेलो आणि सातव्याला खाली आलो. नेमके सुतारमामा रस्त्याने चालले होते. थांबून म्हणाले, "सायेब, मी म्हणलं नव्हतं? खाली एवढी मोकळी जमीन असताना!"

"आहे ना मामा," धोतराला... म्हणजे लेंग्याला लागलेली माती झटकत मी म्हणालो, "पडायला तीच कामाला येते." आणि मनात दहा मोजत परत चढलो.