वालाचे बिरडे आणि डॉ. कमला सोहोनी : पचनशास्त्राच्या इतिहासातील एक मराठी पान

गणेशोत्सव म्हटला की आरास, आरत्या, मुलांचे कार्यक्रम आणि त्याबरोबरच प्रसाद व पंगत. आपल्या सरोजिनी नगरच्या उत्सवात महाप्रसादाच्या दिवशी किती पाने वाढली याची चर्चा नंतर आठवडाभर चालते. पण ताटातले अन्न गळ्याखाली उतरल्यावर त्याचे पुढे काय होते, याचा विचार आपण फारसा करीत नाही. पोट बिघडले तरच त्याची आठवण येते!

एका सिग्नल विभागातील डिप्लोमा इंजिनिअरने पचनसंस्थेवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. परंतु या विषयाच्या इतिहासात एका मराठी स्त्रीचे मोठे काम आहे, तिच्या आयुष्याचा एक धागा आपल्या दिल्लीशी जोडलेला आहे, आणि तिने ज्या पदार्थावर संशोधन केले तो पदार्थ आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजही होतो. तो पदार्थ म्हणजे वाल आणि ती स्त्री म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

आधी थोडा जुना इतिहास

आपल्याकडे पचनाला जठराग्नी म्हटले आहे. अन्न पोटात 'शिजते' ही कल्पना आपल्याप्रमाणे ग्रीक वैद्यांचीही होती. युरोपात पुढे वाद सुरू झाला, की पोट अन्न जात्यासारखे दळते की रसाने विरघळवते? रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७५२ मध्ये आपल्या पाळीव घारीला दोन्ही टोकांना उघड्या असलेल्या धातूच्या नळीत मांस घालून गिळायला दिले. नळीमुळे मांस दळले जाणे शक्य नव्हते, तरीही ते विरघळले. म्हणजे काम रसाचे होते. १८२४ मध्ये विल्यम प्राउट यांनी त्या रसातले आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचे दाखवले.

माणसाच्या पोटात डोकावण्याची संधी मात्र एका अपघाताने मिळाली. १८२२ मध्ये अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण पोटाला पडलेले भोक कायमचे राहिले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडून, ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिले. त्यांचे पुस्तक १८३३ मध्ये निघाले. त्यानंतर १८३६ मध्ये थिओडोर श्वान यांनी जठरातील 'पेप्सिन' शोधले, आणि १८७६ मध्ये विल्हेल्म क्यूने यांनी स्वादुपिंडातून येणाऱ्या 'ट्रिप्सिन'ला नाव दिले. हे दोन्ही पदार्थ प्रथिने तोडणारी विकरे, म्हणजे एन्झाइम्स. आपल्या गोष्टीतले मुख्य पात्र हे ट्रिप्सिनच आहे.

बंगळूर, केंब्रिज आणि दिल्ली

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा संस्थेत, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. मोठी बहीण म्हणजे सुप्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत. दुर्गाबाईंनी 'खमंग' हे खाद्यपदार्थांवरचे पुस्तक लिहिले. धाकट्या बहिणीने तेच पदार्थ गिळल्यानंतर काय होते ते मोजले. एकाच घरातल्या दोघींनी स्वयंपाकघराला असे दोन बाजूंनी हात घातला!

१९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी मिळवून कमलाबाईंनी बंगळूरच्या संस्थेत अर्ज केला. संचालक होते नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई परत फिरल्या नाहीत. त्या बंगळूरला गेल्या आणि नकाराचे कारण विचारीत ठाम उभ्या राहिल्या. शेवटी अटींवर प्रवेश मिळाला. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणले जाणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा उशिरापर्यंतही काम करावे लागेल आणि संस्थेचे वातावरण बिघडू द्यायचे नाही, अशा त्या अटी. त्यांनी त्या स्वीकारल्या, पण हा अपमान त्या कधी विसरल्या नाहीत. उतारवयातही त्यांनी तो बोलून दाखवला.

तिथे श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्ष संपल्यावर रामन यांचे समाधान झाले, कमलाबाई नियमित विद्यार्थिनी झाल्या आणि पुढे येणाऱ्या मुलींना त्या संस्थेचा दरवाजा उघडला. एका मुलीच्या हट्टाची किंमत किती असते, ते यावरून कळते.

१९३६ मध्ये एम.एस्सी. झाल्यावर त्या शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेल्या. ज्यांच्या नावाने आपली वसाहत आहे त्या सरोजिनी नायडूही कधीकाळी केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात शिकल्या होत्या. कमलाबाई न्यूनहॅम कॉलेजात होत्या. जीवनसत्त्वांच्या संशोधनासाठी नोबेल मिळालेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांना जागा मिळाली. 'सायटोक्रोम सी' हे पेशींच्या श्वसनाला लागणारे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यांनी बटाट्यावरील कामातून दाखवले. प्रबंध अवघा ४० पानांचा, आणि १९३९ मध्ये त्यावर पीएच.डी. मिळाली. विज्ञानातील पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पूर्ण पदवीचा हक्क दिला तो १९४८ मध्ये, हेही इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१९३९ मध्येच भारतात परत येऊन त्यांनी पहिली नोकरी धरली ती आपल्या दिल्लीत. लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात त्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. कॅनॉट प्लेसजवळच्या, शिवाजी ब्रिज स्टेशनपासून फार लांब नसलेल्या या कॉलेजवरून आपण अनेकदा जातो, पण तिथे एका मराठी बाईने विभाग चालवला होता, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? तिथून त्या कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत गेल्या. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईत आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. पुढे त्या याच संस्थेच्या संचालक झाल्या, मात्र त्या खुर्चीसाठीही त्यांना वाट पाहावी लागली.

घासाचा प्रवास

मुंबईतले त्यांचे काम समजण्यासाठी एका घासाबरोबर थोडा प्रवास करावा लागेल. समजा, घास बिरडे-भाताचा आहे.

पहिले स्टेशन तोंड. दात घास बारीक करतात, लाळेतले विकर भातातल्या पिष्टाची साखर करायला लागते. म्हणूनच भात जास्त वेळ चावला की गोडसर लागतो. पुढे जठर. तिथले आम्ल इतके तीव्र असते की प्रथिनांची घट्ट वळलेली गुंडाळी उलगडते, आणि पेप्सिन तिचे मोठाले तुकडे करते. जठराच्या तोंडाशी स्नायूंचे एक दार असते. ते अन्न एकदम सोडत नाही, थोडे थोडे सोडते. पुढची लाइन मोकळी असल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा आमच्या खात्याचा नियम शरीराने केव्हाच लागू केलेला आहे.

लहान आतड्याच्या सुरुवातीला यकृताकडून पित्त येते, ते तुपातेलाचे बारीक थेंब करते. स्वादुपिंडाचा रस आम्ल शमवतो आणि विकरे पुरवतो. आता एक गंमत पाहा. प्रथिने तोडणारे ट्रिप्सिन जर स्वादुपिंडातच जागे झाले, तर ते स्वादुपिंडालाच खाऊन टाकील, कारण तेही प्रथिनांचेच बनलेले. म्हणून ते तिथून निद्रिस्त रूपात निघते. आतड्यात पोहोचल्यावर आतड्याच्या भिंतीवरचे दुसरे विकर त्याचा एक छोटा तुकडा तोडते आणि मगच ते काम करू लागते. जागे झालेले ट्रिप्सिन मग बाकीच्या विकरांना जागे करते. सिग्नल खात्यात याला आम्ही इंटरलॉकिंग म्हणतो : सांधा योग्य जागी बसून कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नल पडतच नाही. निसर्गाचे हे इंटरलॉकिंग बिघडले तर स्वादुपिंडाला गंभीर सूज येते. अधिक खबरदारी म्हणून स्वादुपिंड ट्रिप्सिनला रोखणारा एक पदार्थही स्वतःच तयार करते.

ट्रिप्सिन आणि त्याचे सोबती प्रथिनांची साखळी तोडत तोडत अमिनो आम्लांपर्यंत आणतात. लहान आतड्याच्या आत बोटांसारखे असंख्य रसांकुर असतात आणि त्यांतील पेशींवर आणखी सूक्ष्म केस. त्यांतून अमिनो आम्ले व साखर रक्तात शिरतात आणि थेट यकृताकडे जातात. स्निग्ध पदार्थांचा बराचसा भाग लसिकावाहिन्यांतून फिरून रक्तात येतो. आतडे पसरले तर टेनिस कोर्टाएवढे होईल, असे पूर्वी पुस्तकांत असे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार ते सुमारे ३२ चौरस मीटर भरते. तेही काही कमी नाही! शेवटी मोठे आतडे पाणी शोषून घेते आणि तिथले जिवाणू उरलेसुरले फस्त करतात. कडधान्यांतल्या काही साखरी तोडणारे विकर माणसाकडे नाही. त्या साखरी या जिवाणूंच्या वाट्याला जातात आणि त्यांपासून वायू तयार होतो. वाल 'वातूळ' का, याचे हे उत्तर.

वालाने टाकलेला अडथळा

आता खरा प्रश्न. कडधान्यात प्रथिने भरपूर असतात, पण ताटातली प्रथिने म्हणजे अंगाला लागलेली प्रथिने नव्हेत. सोयाबीन कच्चे दिले तर उंदीर नीट वाढत नाहीत, शिजवून दिले तर वाढतात, असे ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी १९१७ मध्येच दाखवले होते. १९४५ मध्ये कुनिट्झ यांनी सोयाबीनमधून ट्रिप्सिनला रोखणारे प्रथिन स्फटिकरूपात वेगळे केले. पण भारतातला गरीब माणूस तेव्हा सोयाबीन खात नव्हता. तो तूर, मूग, चवळी, वाल खात होता.

कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या खाण्यातल्या पदार्थांतील अशा रोधकांचा शोध सुरू केला. १९५५ मध्ये 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात सोहोनी आणि अंबे यांचा निबंध आला. वाल आणि डबल बी यांतून ट्रिप्सिनरोधक स्फटिकरूपात मिळवल्याचे त्यात सांगितले होते. आपल्या कोकणातल्या वालाचे नाव असे जगाच्या प्रयोगशाळांत पोहोचले.

हा रोधक काम कसे करतो? ट्रिप्सिनच्या अंगावर एक खाच असते, त्यात प्रथिनाची साखळी बसते आणि तुटते. रोधकाचा एक भाग त्या खाचेत अगदी चपखल बसतो, पण लवकर तुटतही नाही आणि निघतही नाही. कुलपात भलतीच किल्ली अडकून बसावी तसे होते. मग प्रथिने अर्धवट तुटलेलीच पुढे जातात. कच्चे सोयाबीन खाणाऱ्या उंदरांचे स्वादुपिंड जास्त विकरे बनवण्याच्या खटपटीत मोठे झालेलेही आढळले. झाडाच्या दृष्टीने हे संरक्षण आहे. बी खाणाऱ्या किडीचे पचन बिघडावे, ही त्यामागची योजना.

यावरचा उपाय आपल्या आज्या-पणज्या करीतच होत्या. वाल रात्री भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक साल काढायची आणि मग शिजवायचे. भिजवताना वायू करणाऱ्या साखरी काही प्रमाणात पाण्यात उतरतात, साल काढल्याने तुरट द्रव्ये जातात आणि नीट शिजवल्याने रोधकाचा बराचसा जोर मोडतो. मोड आणणे एकट्याने पुरेसे नाही, निर्णायक काम पाणी आणि उष्णता यांचे आहे. हल्ली मोडाची कडधान्ये कच्चीच खाण्याची पद्धत आली आहे. मुगाला ते बऱ्यापैकी चालते, वालाला चालत नाही. शिवाय डाळीत एक अमिनो आम्ल कमी असते, तर तांदळात दुसरे. दोन्ही एकत्र आली की एकमेकांची उणीव भरून काढतात. वरण-भात हे त्यामुळे केवळ सवयीचे नव्हे, तर हिशेबाचेही जेवण आहे.

संशोधन कोणासाठी?

कमलाबाईंचे लक्ष कायम गरिबाच्या ताटावर राहिले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. आदिवासी भागातील कुपोषित मुले आणि गरोदर स्त्रिया यांना नीरा व ताडगूळ दिल्यास प्रकृती सुधारते, असे त्यांना आढळले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध योजनेला त्यांनी दुधाच्या गुणवत्तेबाबत मार्गदर्शन केले. कंझ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संस्थेच्या स्थापनेत त्यांचा सहभाग होता, आणि अन्नातील भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी हे त्या साध्या भाषेत लिहीत. अखेरच्या काळात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार केला. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. २०२३ च्या १८ जूनला गुगलने त्यांचे चित्र आपल्या पानावर झळकवले, तेव्हा अनेक मराठी घरांना हे नाव पहिल्यांदा कळले, ही थोडी खेदाची गोष्ट आहे.

आजही आपल्या देशात लाखो मुलांची वाढ कुपोषणाने खुंटते. त्यांना अन्न मिळाले पाहिजे हे तर खरेच, पण मिळालेले अन्न अंगी लागले पाहिजे, हा कमलाबाईंचा प्रश्न अजून जुना झालेला नाही. दुसरीकडे आपली शहरातली मुले महागड्या डब्यातली प्रथिनांची पावडर घेतात आणि घरातले बिरडे बाजूला सारतात! गावाहून येताना पिशवीत कडवे वाल आणणारी कुटुंबे आपल्या मंडळात बरीच आहेत. यंदा वाल सोलायला बसताना घरातल्या मुलांना, विशेषतः मुलींना, जवळ बसवावे आणि बंगळूरच्या दारातून परत न फिरलेल्या या बाईंची गोष्ट सांगावी. विद्येच्या देवतेच्या उत्सवात याहून चांगला प्रसाद कोणता?

गणपती बाप्पा मोरया!