फार विचार होतो

पाहणीचा कागद घेऊन कुणी दारात येतं आणि विचारतं, "तुम्हाला नैराश्य आहे का?" आपण म्हणतो, "नाही बाई." नैराश्य हा शब्द आपल्या बोलण्यात असतोच कुठे? पण "डोक्यातले विचार थांबत नाहीत" हे आपण भांडी घासताघासता म्हणतो. असाच पेच आफ्रिकेतल्या झिंबाब्वे देशात पडला होता.

तिथे बहुतेक लोक शोना भाषा बोलतात. मनाचा आजार ओळखायच्या प्रश्नावल्या मात्र परदेशात, इंग्रजीत तयार झालेल्या. 1990 नंतरच्या काळात आपल्या मुंबईचे डॉ. विक्रम पटेल राजधानी हरारेत काम करत होते. त्यांनी आणि तिथल्या सहकाऱ्यांनी नुसतं भाषांतर केलं नाही. दवाखान्यात आणि पारंपरिक वैद्यांकडे येणाऱ्या आजारी माणसांनाच विचारलं, तुम्हाला काय होतं आणि त्याला तुम्ही काय म्हणता? एक शब्द सारखा येत राहिला, 'कुफुंगिसिसा'. म्हणजे फार विचार करणं.

त्यातून शोना प्रश्नावली उभी राहिली. 1997 साली ती प्रसिद्ध झाली. प्रश्न 14, उत्तर हो किंवा नाही, आणि विचारायचं फक्त गेल्या आठवड्याचं. फार विचार आले का? झोप लागली नाही असं झालं का? पोट दुखलं का? रडावंसं वाटलं का? काम मागे पडलं का? जीव द्यावासा वाटला का, हेसुद्धा सरळ विचारलेलं आहे. आम्हाला वाटतं, आधीचे प्रश्न आपल्या बोलीतले असले तरच बाई या प्रश्नाला खरं उत्तर देईल.

पुढे 2006 साली डॉ. डिक्सन चिबांडा यांनी हरारेच्या म्बारे वस्तीत 14 आज्यांना शिकवून तयार केलं. दवाखान्याबाहेर बाक टाकले. 'मानसिक आरोग्याचा बाक' म्हटलं तर कुणी बसेना. आज्यांनीच नाव बदलायला लावलं, मग तो 'मैत्रीचा बाक' झाला. हेच 14 प्रश्न विचारून बाकावर बोलणं सुरू होतं. 2016 साली त्याचा मोठा अभ्यास छापून आला. आज्यांशी बोललेल्यांचा त्रास सहा महिन्यांनी इतरांपेक्षा बराच कमी होता.

हे वाचून आमच्या गटात आम्ही तेच प्रश्न मराठीत म्हणून पाहिले. पोटाच्या प्रश्नाशीच अडलो. एक म्हणाली, "माझ्या पोटात रोज गोळा येतो." दुसरी म्हणाली, "ओवा खा." पहिलीला पोटाचं सांगायचंच नव्हतं, तिला भीतीचं सांगायचं होतं. मग ओवा राहिला बाजूला आणि आम्ही तिथेच तासभर बसलो.