फ्रेड स्मिथची काँक्रीट शिल्पे आणि त्यांचा जीर्णोद्धार

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात, फिलिप्स या लहानशा गावाजवळ, फ्रेड स्मिथ (१८८६–१९७६) या निरक्षर लाकूडतोड्याने साठी ओलांडल्यावर, १९४८ च्या सुमारास, काँक्रीटची शिल्पे घडवण्यास आरंभ केला आणि १९६४ मध्ये पक्षाघाताने हात थांबेपर्यंत माणसे, घोडे, हरणे आणि लोककथांतील वीर मिळून २३७ आकृती उघड्यावर उभ्या केल्या. ४ जुलै १९७७ रोजी झालेल्या प्रचंड वादळात झाडे उन्मळून त्यांतील बहुसंख्य शिल्पांची मोडतोड झाली. परंतु हा सगळा दोष वाऱ्याच्या माथी मारणे योग्य ठरणार नाही, कारण शिल्पांच्या क्षयाचे बीज त्यांच्या घडणीतच होते.

स्मिथ आयुष्यभर लाकडात वावरलेला असल्याने त्याने शिल्पाचा सांगाडा, म्हणजे आतून भार पेलणारा आधार, लाकडाचाच केला, त्यावर तारेची जाळी गुंडाळली आणि हाताने कालवलेल्या सिमेंटचे थर चढवले. थर ओला असतानाच त्यात आरशांचे तुकडे, विजेच्या खांबांवरील काचेचे विद्युतरोधक आणि बाटल्यांच्या काचा बसवल्या जात. त्याचे स्वतःचे मद्यगृह शेजारीच असल्याने बिअरच्या तपकिरी काचेला तोटा नव्हता. घोड्याच्या अंगावर ऊन पडले की या काचा चमकतात, आणि करड्या सिमेंटला सजीव कातडीचे रूप देणारी ही चमकच स्मिथच्या कलेचा प्राण आहे.

या रचनेत प्रत्येक घटक दुसऱ्याला पोखरत जातो. बारीक तड्यांतून शिरलेले पाणी हिवाळ्यात गोठताना सुमारे ९ टक्के फुगते व तडा रुंदावते. तेच पाणी लाकडाला कुजवते, आणि मग बाहेरून धडधाकट दिसणारी आकृती आतून पोकळ होते. हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू मुरल्याने काँक्रीटचा अल्कधर्मी गुण, ज्यामुळे लोखंडावर संरक्षक पापुद्रा टिकून राहतो, तो कमी होतो. जाळीला गंज चढतो, गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो आणि वरचे पोपडे सुटू लागतात.

वादळाच्या सुमारास ही जागा कोलर फाउंडेशन या संस्थेने विकत घेतली होती. तिने जीर्णोद्धार हाती घेतला आणि १९७८ मध्ये उद्यान प्राइस काउंटी या स्थानिक शासनाच्या स्वाधीन केले. अशा कामातील खरा पेच असा, की कुजणारे लाकूड पुन्हा घालणे म्हणजे मोडतोडीला आमंत्रण देणे, तर सांगाडा संपूर्ण बदलणे म्हणजे मूळ कारागिराची पद्धत पुसणे. दिसणारा पृष्ठभाग हीच कलाकृती मानून न दिसणारा आधार बदलण्याची मुभा घेणे हा मार्ग अधिक सयुक्तिक वाटतो, मात्र काय बदलले याची नोंद छायाचित्रांसह ठेवलीच पाहिजे. भरावाचे मिश्रणही जुन्या थराहून फार कठीण असून चालत नाही, कारण तापमानाच्या चढउतारात दोन्ही सारखे हलले नाहीत तर नवा तडा जोडाच्या कडेलाच जातो आणि जुना, दुर्बळ भाग फुटतो. गळून पडलेली मूळ काच वेचून तिच्या जागी बसवणे हे वेळखाऊ काम आहे, परंतु नवी चकचकीत काच लावून शिल्प सजवण्यापेक्षा ते शतपटीने प्रामाणिक आहे.

अशीच काँक्रीटची शिल्पसृष्टी भारतातही आहे: स्मिथच्या मृत्यूच्याच वर्षी, १९७६ मध्ये, चंदीगडमध्ये नेकचंद यांचे टाकाऊ वस्तूंपासून आणि काँक्रीटपासून घडवलेले रॉक गार्डन जनतेसाठी खुले झाले, आणि त्यांच्या शिल्पांचा मोठा संग्रह आज विस्कॉन्सिनमधीलच शेबॉयगन येथील जॉन मायकेल कोलर कलाकेंद्रात जतन केला जातो. फिलिप्स येथे रुळलेला क्रम, म्हणजे जागा विकत घ्यावी, दुरुस्ती करावी आणि ती स्थानिकांच्या हाती सोपवावी, हाच पुढे कोलर फाउंडेशनने राज्यातील वेग्नर ग्रोटोसारख्या इतर स्थळांसाठीही वापरला.