ट्रान्स्क्रिप्शन : एका इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि खानदेशातील मौखिक इतिहासाचे लेखन

प्रस्तावना :
मौखिक इतिहासाच्या अभ्यासात 'ट्रान्स्क्रिप्शन' हा शब्द आपण सर्रास वापरतो. मुलाखत ध्वनिमुद्रित करावी, नंतर तिचे ट्रान्स्क्रिप्शन करावे, असे विद्यार्थ्यांना सांगितले जाते. परंतु म्हणजे नेमके काय करावे, हे स्पष्ट केले जात नाही. प्रस्तुत निबंधात या शब्दाच्या विविध अर्थांचा आणि त्यांतील संदिग्धतेमुळे खानदेशच्या इतिहासलेखनापुढे उभ्या राहणाऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे.

शब्दाचा अर्थविस्तार :
हा शब्द 'पलीकडे लिहिणे' अशा अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. आरंभी त्याचा संबंध बोलण्याशी नव्हता. एका कागदावरील मजकूर दुसऱ्या कागदावर उतरवणे, म्हणजे नक्कल करणे, एवढाच त्याचा अर्थ होता. पुढे एका वाद्यासाठीची संगीतरचना दुसऱ्या वाद्यासाठी मांडणे, उच्चार ध्वनिचिन्हांत लिहिणे आणि विसाव्या शतकात डीएनएवरून आरएनए तयार होणे, या सर्वांसाठी तो रूढ झाला. महाविद्यालयाच्या कार्यालयात 'ट्रान्स्क्रिप्ट' म्हटले की परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रमाणित गुणतक्ता समोर येतो.

मराठीने मात्र हे काम अनेक शब्दांत वाटून घेतले आहे. सांगणाऱ्याने सांगावे व ऐकणाऱ्याने लगेच लिहावे ते श्रुतलेखन. एका लिपीतील मजकूर दुसऱ्या लिपीत नेणे म्हणजे लिप्यंतर. ध्वनिमुद्रित बोलणे जसेच्या तसे उतरवणे म्हणजे प्रतिलेखन, तर दुसऱ्याचे कथन आपल्या भाषेत नीटनेटके मांडणे म्हणजे शब्दांकन. यांतील शेवटच्या दोन शब्दांतील अंतर इतिहासाच्या अभ्यासकासाठी फार मोठे आहे.

लिहून घेण्याची परंपरा :
बोललेले जपून ठेवण्याची मराठीतील परंपरा जुनी आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांच्या अनुयायांकडून विचारून गोळा केल्या व त्यांतून 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. येथे सांगणारा आणि लिहिणारा वेगळा होता.

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाने खानदेशीची नोंद 1907 साली प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली भाषांबरोबर घेतली. या सर्वेक्षणाचा ठरलेला नमुना म्हणजे बायबलमधील उधळ्या पुत्राच्या कथेचे बोलीत केलेले भाषांतर होय. तुलनेसाठी ते उपयुक्त होते, तथापि ते कोणा शेतकऱ्याचे सहज बोलणे नव्हते.

पोलिसांच्या जबाबातही हाच पेच आढळतो. जबाब वाचून दाखविला व तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, अशा आशयाचे वाक्य शेवटी असते; परंतु वरची भाषा सांगणाऱ्याची नसून लिहिणाऱ्याची असते.

बहिणाबाईंचे उदाहरण :
आपल्या परिसरातील सर्वांत बोलके उदाहरण आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांचे आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम व शेतकाम करताना त्यांनी रचलेली गाणी पुत्र सोपानदेव व आप्त पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवली. बहिणाबाईंच्या निधनानंतर 1952 साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध झाली. टिपणाऱ्यांनी 'मले', 'पानी', 'डोया' ही रूपे 'मला', 'पाणी', 'डोळा' अशी प्रमाण मराठीत बदलली नाहीत, म्हणून लेवा समाजाची बोली छापील पानावर टिकली. 2018 पासून जळगावचे विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यामागे ही लेखनिष्ठाही आहे, हे विसरून चालणार नाही.

नशिराबादमधील अनुभव :
आसोदा व नशिराबाद ही एकाच जळगाव तालुक्यातील गावे. नशिराबाद येथे विद्यार्थ्यांकडून वृद्धांच्या आठवणी लिहून घेताना असे दिसले, की बहुतेक विद्यार्थी नकळत शब्दांकन करतात. आजीने 'मयात' म्हटले, तर घरात ही बोली असलेला विद्यार्थी 'मळ्यात' असे सुधारून लिहितो. बोली नसलेला 'मायेत' असे लिहून बसतो. पहिल्या लेखनात बोली हरवते, दुसऱ्यात शेतच हरवते. आपलेच बोलणे अशुद्ध आहे असे शाळेपासून मनावर ठसल्यामुळे मुले आजीचे बोलणे 'शुद्ध' करतात, आणि त्यात त्यांची भावना आदराचीच असते.

देवनागरीच्याही मर्यादा आहेत. 'चार' आणि 'चाक' यांतील 'च'चा भिन्न उच्चार एकाच अक्षराने लिहावा लागतो. सुस्कारा, थांबणे, प्रश्न टाळणे यांना तर अक्षरच नाही. म्हणून उत्तम प्रतिलेखनही मूळ ध्वनिमुद्रणाची जागा घेऊ शकत नाही.

समारोप :
यावरून असे सुचवावेसे वाटते, की मौखिक साधनाचे तीन स्तर स्वतंत्र ठेवावेत : मूळ ध्वनिमुद्रण, बोलीतील प्रतिलेखन आणि प्रमाण मराठीतील शब्दांकन. प्रत्येक हस्तलिखितावर ते यांपैकी काय आहे, कोणी व केव्हा लिहिले, याची नोंद असावी. आणि लिहिलेले सांगणाऱ्यास वाचून दाखवावे. शब्दांकन करणे गैर नाही. त्याला प्रतिलेखन म्हणणे गैर आहे. या बोली सहजतेने बोलणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. तिचे बोलणे आपण आपल्या भाषेत लिहून ठेवले, तर उद्याच्या अभ्यासकाला तिचा नव्हे, आपलाच आवाज ऐकू येईल.