शुभार्थी आणि शुभंकर : दोन शब्दांमागचा इतिहास

मराठीने वेडाला दिलेली नावे एकत्र केली तर एक छोटा कोश सहज होईल. वेडा, खुळा, पिसा, भ्रमिष्ट, चक्रम आणि आमच्या खानदेशी बोलीतला येडा. यांतल्या काही शब्दांत माया आहे, काहींत निव्वळ हेटाळणी. 'पिसे' या शब्दाला तर संतांनी भक्तीच्या दालनात मानाची जागा दिली. महानुभावांच्या वाङ्मयात ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू गावाला वेडे वाटतात आणि त्याच गावाला ईश्वरही वाटतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात याची त्या गावाला अडचण वाटत नाही. दुसऱ्या टोकाला 'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा वाक्प्रचार आहे. त्यात वेड म्हणजे लबाडीने अंगावर घेतलेली घोंगडी. पूज्यता आणि संशय यांच्या मधली जी प्रचंड जागा उरते, तिथे प्रत्यक्ष आजारी माणूस उभा असतो आणि त्याच्याकडे स्वतःसाठी शब्द नसतो. भक्तीचा अपवाद सोडला तर 'वेडा' हे प्रथमपुरुषी नाव नव्हेच. ते नेहमी तृतीयपुरुषी आहे, दुसऱ्याने ठेवलेले.

कायद्याची भाषाही यापेक्षा वेगळी नव्हती. १८५८च्या वेड्यांच्या इस्पितळांविषयीच्या कायद्यापासून १९१२च्या 'इंडियन ल्युनसी ॲक्ट'पर्यंत सारी प्रक्रिया नातेवाईक, डॉक्टर आणि मॅजिस्ट्रेट या तिघांत चालते. नातेवाइकाने अर्ज करावा, डॉक्टरांनी दाखले द्यावेत, मॅजिस्ट्रेटने हुकूम काढावा. ज्याच्याविषयी हे सर्व चालले आहे त्याचे म्हणणे कागदावर येते ते लक्षण म्हणून. त्यामुळे या विषयाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला दप्तरात अहवाल, तक्ते, खर्चाचे आकडे सापडतात. माणसाचा आवाज शोधावा लागतो तो डॉक्टरच्या वाक्याच्या आडून. १९२०च्या सुमारास इस्पितळांच्या पाट्या बदलून 'मेंटल हॉस्पिटल' असे लिहिले गेले. पाटी बदलली, प्रक्रिया तीच राहिली. १९१२चा कायदा स्वातंत्र्यानंतरही चार दशके जिवंत होता. त्याच्या जागी आलेला १९८७चा मानसिक आरोग्य कायदा अमलात यायला १९९३ उजाडले.

इंग्लंड-अमेरिकेत या मुक्या दप्तराला उत्तर देणारे लोक तुलनेने लवकर निघाले. पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांचा मुलगा जॉन पर्सिव्हल हा स्वतः वेड्यांच्या इस्पितळात राहून आलेला. १८४५ साली त्याच्यासारख्यांनी एक मंडळ काढले, त्याचे नाव 'अलेज्ड ल्युनॅटिक्स फ्रेंड सोसायटी'. 'अलेज्ड' म्हणजे कथित. वेडे ठरवले गेलेल्यांचे मित्रमंडळ. त्या एका विशेषणात सगळा युक्तिवाद आहे. पुढे १९०८ साली क्लिफर्ड बीअर्स याने आपल्या आजाराची आणि इस्पितळातील छळाची कहाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि अमेरिकेत मानसिक आरोग्याची चळवळ त्या आत्मकथनातून उभी राहिली. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या घटनेकडे जरा थांबून पाहावे. एका चळवळीचा आरंभ आत्मचरित्रात होतो ही गोष्ट दलित आत्मकथने वाचलेल्या मराठी वाचकाला नवी वाटू नये. मराठी रंगभूमीवरही मनाची पडझड आली होती. वसंत कानेटकरांचे 'वेड्याचं घर उन्हात' १९५७चे. पण ते नाटककाराने लिहिलेले वेड आहे, भोगणाऱ्याने सांगितलेले नव्हे.

महाराष्ट्रात 'ज्याने भोगले तोच दुसऱ्याला हात देईल' हे तत्त्व प्रथम ठळकपणे रुजले ते मनोविकारांच्या नव्हे, व्यसनांच्या क्षेत्रात. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिले, त्यातून १९८६ साली पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' उभे राहिले. डॉ. अनिता अवचट यांनी ते घडवले आणि पु. ल. देशपांडे यांनी त्याला आधार दिला. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे कार्यकर्ते झाली. या रीतीचे मूळ अर्थात १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'मध्ये आहे. व्यसनी माणसाला समाज दोष देतो खरा, पण त्याच्या बोलण्याला निरर्थक मानत नाही. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचे मात्र नेमके तेच हिरावून घेतले जाते. म्हणून त्याच्या बाबतीत ही वाट अधिक अवघड होती.

इथे खानदेशचा संबंध येतो, आणि तो फारसा सांगितला जात नाही. डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे धुळ्याचे. कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात ते संख्याशास्त्र आणि विमागणिताचे प्राध्यापक होते. पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला आणि जोखमीचे गणित शिकवणाऱ्या या माणसाच्या घरात ज्याचे कोष्टक मांडता येत नाही असे काही शिरले. ते लपवण्याऐवजी त्यांनी सांगितले. त्यांच्या पुढाकाराने १९९७ साली पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' स्थापन झाली. आजार असलेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी नियमित एकत्र बसावे, आपापले सांगावे, ऐकावे, असे तिचे साधे काम. पुढे धायरीला दिवसभराचे पुनर्वसन केंद्र आले. संस्थेची धुरा नंतर अमृत बक्षी यांनी वाहिली. तेही पालक म्हणूनच या कामात आले होते.

वाणींच्याच पाठबळाने सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट २००४ साली आला. अतुल कुलकर्णींचा शेष आणि सोनाली कुलकर्णींनी केलेली त्याची बहीण अनेकांना आठवत असेल. स्किझोफ्रेनियाची ओळख व्हावी म्हणून काढलेल्या या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पर्यावरण संवर्धनाच्या वर्गात! यात परीक्षकांना हसण्यासारखे काही नाही. शेषच्या मनातली देवराई आणि कोकणातली देवराई यांतला फरक पुसणे हेच त्या चित्रपटाचे सामर्थ्य आहे. तरी शासकीय पुरस्कारांच्या यादीला झाडे दिसली, माणसाला तिथे रकाना नव्हता, हे नोंदवून ठेवावेसे वाटते.

या चळवळीच्या वर्तुळात दोन शब्द रूढ झाले : आजार असलेला तो 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणारा तो 'शुभंकर'. 'रुग्ण' आणि 'केअरगिव्हर' यांना बाजूला सारणारे हे शब्द पुढे पार्किन्सन्ससारख्या अन्य आजारांच्या मंडळांनीही उचलले. शब्द सुंदर आहेत यात वाद नाही. विद्यार्थी जसा विद्या इच्छिणारा, तसा शुभार्थी शुभ इच्छिणारा. त्यात रोगाचा उच्चारच नाही. परंतु व्याकरणाकडे जरा निरखून पाहावे. 'अर्थी' म्हणजे इच्छिणारा, याचक. 'कर' म्हणजे करणारा. म्हणजे कर्तृत्व सगळे शुभंकराकडे गेले आणि शुभार्थ्याच्या वाट्याला इच्छा उरली. कोणी हे मुद्दाम केले असे मुळीच सुचवायचे नाही. पण शब्द समाजाची रचना नकळत उघडी करतात. ही चळवळ मुळात कुटुंबियांनी उभारली, आणि जोडशब्दाने ते प्रामाणिकपणे सांगून टाकले. एक शुभार्थी दुसऱ्या शुभार्थ्याजवळ बसून 'मलाही आवाज ऐकू येत, मी असे केले' म्हणतो, त्या क्षणी तो शुभंकर होतो आणि जोडी मोडते. त्या नात्याला मराठीत नेमका शब्द नाही. 'समदुःखी' हा जुना शब्द जवळचा आहे, पण त्यात दुःखाची बरोबरी आहे, बरे होण्याची नाही.

हीच उणीव पुण्यातच दुसऱ्या टोकाने मांडली गेली. भार्गवी दावर यांची आई, बापू, हिला वारंवार मनोरुग्णालयांत ठेवले गेले होते. मुलीने ते लहानपणापासून पाहिले. 'मेंटल हेल्थ ऑफ इंडियन विमेन' हे दावर यांचे पुस्तक १९९९चे, आणि 'बापू ट्रस्ट'ची स्थापनाही त्याच वर्षीची. या न्यासाच्या इंग्रजी नावात मनाबरोबर 'डिस्कोर्स' हा शब्द आहे. वेड हा मेंदूइतकाच भाषेचा आणि सत्तेचा प्रश्न आहे हा दावा नावातच केलेला. दावर स्वतःला मनोव्यवस्थेतून तगून निघालेली म्हणवून घेत. कुटुंब हा आधार असतो तसा तोच अर्ज करून कोंडणाराही असतो, ही अप्रिय गोष्ट त्यांनी सोडली नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेली २८ माणसे आगीत जळून मेली. त्या माणसांना तिथे आणून सोडणारे त्यांचे आप्तच होते. तरीही आप्तांना खलनायक ठरवून भागत नाही. त्यांना दुसरी जागा कोणी दाखवली होती?

हा वाद पुस्तकी राहिला नाही, तो कायद्यात शिरला. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ साली मान्य केला आणि त्यातून २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. आजाराच्या काळात आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत हे आधी लिहून ठेवण्याचा अधिकार, स्वतः निवडलेला प्रतिनिधी, साखळीने बांधण्यास बंदी हे त्याने दिले. कायदे ललित वाङ्मयासारखे वाचू नयेत म्हणतात, परंतु याचे एक कलम तसे वाचण्याजोगे आहे. राज्य प्राधिकरणात आजार असलेल्यांच्या किंवा होऊन गेलेल्यांच्या प्रतिनिधींना दोन जागा आणि काळजीवाहूंच्या प्रतिनिधींना वेगळ्या दोन जागा आहेत. तक्रार ऐकणाऱ्या जिल्हास्तरीय पुनर्विलोकन मंडळात मात्र दोनच जागा, आणि त्या आजारी व्यक्ती 'किंवा' काळजीवाहू 'किंवा' संस्थांचे प्रतिनिधी यांच्यासाठी. शुभार्थ्याचा एकही माणूस नसताना मंडळ कायदेशीरपणे पूर्ण होऊ शकते. ज्या पातळीवर माणूस खरोखर पोहोचू शकतो, तिथेच त्याची खुर्ची ऐच्छिक झाली. 'किंवा' या अव्ययाचे एवढे वजन व्याकरणाच्या पुस्तकात सापडणार नाही.

आता पुण्याहून सोनगीरला येऊ. धुळ्याहून आग्रा रस्त्याने उत्तरेला निघाले की किल्ल्याच्या टेकडीखाली हे गाव लागते. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. महाराष्ट्राची जुनी चार मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे. खानदेशात एकही नाही. औषधाला धुळे गाठता येते, पण बोलायला कुठे जावे? पुण्यातल्या आधारगटाचे बळ बरेचसे शहराच्या अनोळखीपणात आहे. तिथे आलेला माणूस बाहेर पडताच गर्दीत मिसळतो. व्यसनमुक्तीच्या गटांनी तर निनावीपणा हे तत्त्वच केले. सोनगीरसारख्या गावात निनावी असे काही नसते. कोण कोणाच्या ओट्यावर किती वेळ बसला हे तांबट आळीला सायंकाळपर्यंत कळते. आणि कळण्याची भीती आजाराची नसते, सोयरिकीची असते. एका भावाच्या आजारामुळे तीन बहिणींची स्थळे मोडतात. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातही मनोविकार हा विवाहाच्या अटींत आणि घटस्फोटाच्या कारणांत आहेच. तेव्हा घराने गप्प राहणे याला केवळ अज्ञान म्हणणे हा शहरी उद्धटपणा होय. ते गप्प राहणे हिशेबी आहे, आणि हिशेब बऱ्याचदा बरोबर असतो.

'गट' म्हटले की गावात बचत गट समजला जातो, ही तशी गमतीची गोष्ट. पण त्यात एक सूचना दडली आहे. बायकांनी दर महिन्याला एकत्र बसावे, याला आता कोणी कारण विचारत नाही. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने २०१३ ते २०१५ या काळात 'आत्मीयता' हा प्रयोग ४१ गावांत केला. त्यात गावातल्याच माणसांना ऐकण्याचे, धीर देण्याचे आणि गरज पडल्यास डॉक्टरांपर्यंत पोहोचवण्याचे शिक्षण दिले गेले. प्रयोगाच्या नावात आजार नाही, हे त्याचे शहाणपण. मात्र त्या कार्यकर्त्यांनी स्वतः आजार भोगलेला असण्याची अट नव्हती. म्हणजे ते शुभंकरच, फक्त घराबाहेरचे. आजारातून बाहेर आलेल्या सोनगीरच्या माणसाने आपल्याच गावातल्या दुसऱ्या तशाच माणसाकडे जाण्यासाठी आधी दोघांनाही एकमेकांविषयी माहीत असावे लागते. आणि ते माहीत होऊ नये यासाठी दोन्ही घरे वर्षानुवर्षे राबत असतात.

वाणींच्या देणगीतून धुळ्यात जी कामे उभी राहिली त्यांना का. स. वाणी यांचे नाव आहे. मराठीच्या प्रगत अध्ययनाची संस्थाही त्याच नावाने चालते. भार्गवी दावर २०२४ साली वारल्या. त्यांच्या न्यासाला कुळाचे नाव नाही, ना दात्याचे. ज्या बाईला कोंडले होते तिचेच ते नाव आहे.